विंचू चावला तर दुखणं नको, घाम आणि हात-पाय बघा



सोयाबीनची काढणी तोंडावर आली आहे. सुडी लावायची, झाकायची, मळणीच्या वेळी पुन्हा उपसायची. कडब्याची गंजी, जुनं सरपण, बांधाचे दगड, आखाड्याच्या भिंतीतल्या फटी, याच विंचवाच्या जागा. म्हणून आजचा मेसेज पिकावर नाही, आपल्या जिवावर आहे. शेवटपर्यंत वाचा आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

*१) विंचू दोन तऱ्हेचे*

काळी मोठी इंगळी: नांग्या जाड आणि डंखाची शेपटी त्या मानाने बारीक. दिसायला भयंकर. चावली की माणूस तळमळतो, पण जिवाला धोका सहसा नसतो.

तांबडा विंचू: आकाराने लहान, रंग तांबूस-पिवळसर, नांग्या बारीक. महाराष्ट्रात माणसं दगावतात ती मुख्यतः याच्यामुळे.

*२) फसगत इथे होते*

आपण दुखण्यावरून अंदाज बांधतो. माणूस ओरडतो आहे म्हणजे विष जास्त, गप्प झाला म्हणजे उतरलं. विंचवाच्या बाबतीत हा हिशोब उलटा पडू शकतो.

नुसती आग आणि ठणका असेल, बाकी काही लक्षण नसेल, तर ते विष बहुतेक वेळा जागेवरच राहतं आणि ठणका काही तासांनी आपोआप कमी होतो. पण तांबड्या विंचवाचं विष अंगात भिनलं, तर चावलेल्या जागी दुखणं कमीही असू शकतं. रुग्ण बरा होऊ लागला की ठणका पुन्हा जाणवतो, असंही डॉक्टरांना दिसलं आहे.

आता विंचू उतरवणाऱ्याचं बघा. दहा जणांचा विंचू त्याने उतरवला असेल, तर त्यातल्या बहुतेकांचा तसाही उतरणारच होता. अकराव्या लेकराला तांबडा चावलेला असतो. त्याचं रडणं थांबतं, सगळे म्हणतात गुण आला, आणि इकडे अंग थंड पडत जातं. गेलेले ते दोन-तीन तास परत मिळत नाहीत.

*३) विष अंगात काय करतं?*

ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत आणि मोटार चालू केली, तर काय होईल? दाब वाढेल, मोटारीवर ताण येईल, कुठेतरी पाइप फुटेल. तसंच हे आहे. विषामुळे शरीरातल्या नसा उत्तेजित होतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी भरतं. माणूस धापा टाकतो, खोकल्यावाटे गुलाबी फेस येतो. ही शेवटची पायरी आहे. इथवर थांबायचंच नाही.

*४) या खुणा दिसल्या की लगेच निघा*

▪️ सगळ्या अंगाला दरदरून घाम
▪️ हात-पाय थंडगार
▪️ उलटी
▪️ तोंडातून लाळ
▪️ छातीत धडधड, धाप, खोकला
▪️ मुलाच्या किंवा पुरुषाच्या लिंगाला ताठरता. ही खूण सांगायला लोक लाजतात. डॉक्टरला ती हमखास सांगा, त्यावरून विष भिनल्याचं लवकर कळतं.

लहान लेकरू बोलून सांगू शकत नाही. खेळता-झोपता एकदम किंचाळून रडायला लागलं, घाम आला, अंग गार लागलं, तर अंथरूण झटकून बघा आणि दवाखाना गाठा. लेकरांना धोका सगळ्यात जास्त. त्यांच्या बाबतीत खुणांचीही वाट पाहू नका.

*५) औषध आहे, आणि ते आपल्याच माणसाने दाखवून दिलं*

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले, म्हणजे आपल्या मराठवाड्याचे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असताना त्यांनी विंचवाने दगावणारी लेकरं पाहिली. रुग्णांच्या उशाशी बसून घाम, उलटी, थंड हात-पाय या खुणा टिपून ठेवल्या. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही गोळी त्यांनी वापरली. वरच्या उदाहरणात सांगायचं तर बंद व्हॉल्व्ह उघडणारी गोळी. १९८६ साली हे काम लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पूर्वी गंभीर झालेल्या शंभर रुग्णांतले तीसच्या आसपास दगावत. या उपचाराने ते प्रमाण एकाच्या जवळ आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचवाच्या विषावरची लसही आता आहे. महाडमध्येच ७० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला गेला. लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसती प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण तेवढ्या वेळात बरे झाले.

मग गोळी घरात आणून ठेवावी का? *नाही.* तिने रक्तदाब एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. किती द्यायची, परत कधी द्यायची, हे रक्तदाब बघून डॉक्टरच ठरवतो. आपलं काम एकच, वेळेत पोचवणं.

*६) चावल्यावर काय करायचं*

✅ घड्याळ बघा. किती वाजता चावला ते डॉक्टरला सांगायचं आहे.
✅ अंगठी, बांगडी, जोडवी काढा. जागा साबण-पाण्याने धुवा.
✅ माणसाला आडवं ठेवा, चालवत नेऊ नका.
✅ १०८ ला फोन करा. गाडी हाताशी असेल तर थेट आरोग्य केंद्र किंवा परभणीचं सरकारी रुग्णालय गाठा.
✅ खुणा दिसत असतील तर चोवीस तास देखरेखीखाली राहू द्या. बरं वाटलं म्हणून मध्येच उठवून आणू नका.

❌ चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं, चुना किंवा पाला लावणं
❌ ॲलर्जीची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन घरी थांबणं
❌ विंचू पकडत बसणं. लांबून फोटो निघाला तर ठीक.

अंधारात काय चावलं ते दिसलंच नाही, तर साप समजूनच निघा. मण्यार चावल्यावरही फारसं दुखत नाही.

*७) चावूच नये म्हणून*

▪️ सुडी, गंजी, गोवऱ्या, सरपण उपसताना आधी काठीने हलवा. जाड हातमोजे आणि बूट घाला.
▪️ बूट-चप्पल, कपडे, अंथरूण झटकूनच वापरा. आखाड्यावर खाली झोपू नका, खाट भिंतीपासून सरकवून टाका.
▪️ घराला लागून दगड-विटांचे ढीग नकोत. भिंतीच्या फटी लिंपून घ्या.
▪️ रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि बूट हवेतच. यूव्ही बॅटरी मिळते, तिच्या जांभळ्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. झोपण्याआधी खोलीत एकदा फिरवा.

*८) आज संध्याकाळी एवढं ठरवा*

आपल्या वस्तीवर रात्री दोन वाजता कोणाची गाडी निघेल? दोन नावं आणि नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात. सालगडी आणि काढणीला आलेल्या मजुरांनाही सांगा. त्यांची लेकरं वावरातच झोपतात. आरोग्य केंद्रात जाऊन प्राझोसिन आणि विंचवाची लस शिल्लक आहे का, हे काढणीआधीच विचारून घ्या. नसेल तर ग्रामपंचायतीमार्फत मागणी करा.

शेतकऱ्याचा विंचूदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण तो अर्ज कोणाच्याच घरातून जाऊ नये, यासाठी हा मेसेज आहे.

गावात विंचू उतरवणारे कोणी जाणते असतील, त्यांनाही हा वाचून दाखवा. त्यांच्या शब्दाला मान आहे. “आधी दवाखाना, मग माझ्याकडे” एवढं ते बोलले, तरी एखादं लेकरू वाचेल.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पेडगाव