जुनी गाडी बघायला निघालेल्या भाच्यासाठी

बाळा, नवी घ्यावी की जुनी, हा घोळ तुझा दिवाळीपासून चाललाय. तीन-चार वर्षं एकाच हातात फिरलेली गाडी घेतलीस तर पैसे नक्की वाचतात. त्याहून स्वस्ताच्या मागं लागू नकोस. स्वस्ताची गाडी, मिस्त्रीची माडी.

१. पहिली घसरण दुसऱ्याला सोसू दे – विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत तिसऱ्या वर्षात ३० टक्के आणि पाचव्या वर्षात ५० टक्के उतरलेली धरतात.

२. तरी आधी शोरूममध्ये भाव विचारून ये – २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. विकणारा जुन्या भावाचा हिशेब सांगत असेल तर हे त्याच्या कानावर घाल.

३. सकाळी जा, बॉनेटवर हात ठेव – थंड इंजिन खरं बोलतं. आधीच चालू करून ठेवली असेल तर गार होईपर्यंत बस, चहाला नाही म्हणू नकोस.

४. एसी लावून, चार माणसं बसवून मांजरसुंब्याचा घाट चढव – क्लच घसरतो का, गाडी तापते का, हे जालना रोडवर कळत नाही. आणि मिस्त्री आपला ने, तेवढी मजुरी खुशीनं दे.

५. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, पायाखालचं कार्पेट उचल – २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. गाडी धुतली तरी गाळ पट्ट्याच्या मुळाशी राहतो.

६. दिल्ली पासिंगच्या भावावर भाळू नकोस – एनओसी, इथला कर, नवा नंबर हे सगळं धरून मग बेरीज कर.

७. पूर्ण पैसे द्यायच्या आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलनं थकलीत का, ते बघ आणि फॉर्म २९, ३० वर सह्या घे. एमएच २३ असो की अंबाजोगाईची ४४, गाडी लगेच नावावर कर. विमाही १४ दिवसांत बदलून घे – नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. तुझी मोटरसायकल विकशील तेव्हाही हेच पाळ, बरं का. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या माथी, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये सांगितलंय.

८. किमतीचा दहावा हिस्सा बाजूला ठेव – टायर, बॅटरी आणि बेल्ट पहिल्याच वर्षी मागणं मांडतात. हा हिस्सा जमत नसेल तर गाडी एक पायरी लहान बघ. हप्ता वाढवू नकोस.