वार, मीटर आणि मेगाबिट
तांब्याच्या तारेचा वेग व फायबरचा वेग कसा ताडून पाहावा

कापडाच्या पेढीवर नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की भाव विचारण्याआधी माप विचार. १०० वार म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटिमीटर. ज्याने वाराला मीटर समजून माल उचलला त्याचे शेकड्यामागे साडेआठ मीटर कापड गेले. ही अक्कल मी तीस वर्षे इतरांना शिकवली आणि मारेगावच्या दुकानात फायबरची लाइन घेताना स्वतःच विसरलो.

विकायला आलेल्या मुलाने "४० एमबीची स्पीड" सांगितली. सुरतेहून साड्यांच्या नमुन्यांचा ४०० एमबीचा व्हिडिओ आला होता. माझा हिशेब सरळ, १० सेकंदांत उतरेल. लागली ८० सेकंदांपेक्षा जास्त. मी भांडलो. लाइन मात्र बरोबर होती, माप चुकले होते.

फाइल बाइटमध्ये मोजतात, लाइन बिटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट. इंग्रजीत लिहिताना लहान लिपीतला 'बी' म्हणजे बिट आणि मोठ्या लिपीतला 'बी' म्हणजे बाइट, पण बोलताना दोन्ही "एमबी"च होतात आणि गोंधळ तिथेच होतो. ४० मेगाबिटला ८ ने भागा, सेकंदाला ५ मेगाबाइट आले. ४०० भागिले ५, म्हणजे ८० सेकंद. शिवाय प्रत्येक पुडक्यावर पत्ता-ठिकाणा लिहिलेला असतो, त्याचेही वजन लाइनवर पडते. म्हणून मी आता ८ ने न भागता सरळ १० ने भागतो. तोंडी हिशेब होतो आणि निराशा होत नाही.

आता जुन्या तारेकडे येऊ. टेलिफोनच्या यंत्रणेचे मूळ माप ६४ किलोबिट आहे. माणसाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहिली जाते, म्हणून ६४,०००. (आमच्या वडिलांच्या वेळी रुपयात पैसेही ६४ च होते. योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.) असे ३२ पदर एकत्र बांधले की २,०४८ किलोबिटची लाइन होते, तिला टेलिफोनवाले ई-१ म्हणतात. ३० पदरांवर बोलणे चालते, २ व्यवस्थेसाठी राखीव. बँका व कंपन्या "२ एमबीची लीज्ड लाइन" घेत ती हीच. अमेरिकेत हा गठ्ठा २४ पदरांचा, १,५४४ किलोबिटचा. तिकडच्या पुस्तकातला आकडा इकडे लावू नये.

फायबरवर हेच गठ्ठे रचले गेले. १५५.५२ मेगाबिटच्या एका पेटीत ६३ ई-१ बसतात. गुणून पाहा, ६३ गुणिले २.०४८ म्हणजे १२९ च होतात. उरलेले बारदान समजा. अशा १६ पेट्या म्हणजे २,४८८.३२ मेगाबिट. त्यात १,००८ ई-१, म्हणजेच ३०,२४० माणसे एकाच वेळी बोलू शकतील, आणि तेही केसाएवढ्या काचेच्या तंतूवर.

आता ६० एमबीची एकच कॅटलॉग फाइल घेऊ, म्हणजे ४८० मेगाबिट. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केल्यानंतरच्या वर्षांत जे मोडेम आले, त्यांतले चांगले ५६ किलोबिटचे. पूर्ण वेग मिळाला असता तरी २ तास २३ मिनिटे, आणि पूर्ण वेग कधी मिळत नसे. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट, त्यावर ३१ मिनिटे. ई-१ वर ४ मिनिटांच्या आत. २०२३ पासून ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ मेगाबिटची झाली. १०० मेगाबिटच्या फायबरवर ५ सेकंदही नाहीत. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीला किमान १०० मेगाबिट देण्याचे उद्दिष्ट आहे, म्हणजे कागदावर सुमारे ४९ ई-१.

मी "कागदावर" म्हटले, कारण आकडा बदलून घेतला की काम झाले असे नाही. लीज्ड लाइनचे २ मेगाबिट तुमच्या एकट्याचे असतात, जाण्याचेही आणि येण्याचेही. घरोघरी येणारे फायबर बहुधा वाटणीचे असते. तोच २,४८८ मेगाबिटचा तंतू ३२ किंवा ६४ घरांत फुटतो. ६४ जणांनी एकदम ओढले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ पेक्षा कमी. सगळे एकदम ओढत नाहीत म्हणून चालते, पण संध्याकाळी अनुभव येतो.

माझे खरे नुकसान मात्र तांब्याच्या तारेने केले, आणि तेही माल उतरवण्यात नाही, पाठवण्यात. जुन्या लाइनवर येणे २ मेगाबिट होते, पण जाणे अवघे ५१२ किलोबिट. ईदच्या सीझनमध्ये वणी आणि पांढरकवड्याच्या गिऱ्हाइकांना ३० एमबीचा व्हिडिओ पाठवायला ८ मिनिटे लागत, आणि मध्ये तुटला की पुन्हा पहिल्यापासून. एका गिऱ्हाइकाने तेवढ्या वेळात दुसरीकडे माल पसंत केला. प्लान घेताना मी जाण्याचा वेग विचारलाच नव्हता. जरीकाम करणाऱ्या कारागिरांनी आणि टेलर मंडळींनी तर तोच आधी विचारावा, कारण डिझाइनचे फोटो त्यांनाच पाठवायचे असतात.

ज्याचे काम यूपीआयचे पैसे, ई-वे बिल आणि जीएसटीचे रिटर्न एवढेच आहे, त्याने १०० मेगाबिटच्या मागे लागू नये. हे निरोप काही किलोबाइटचे असतात. तिथे वेगापेक्षा लाइन न तुटणे महत्त्वाचे. २० तारखेच्या रात्री रिटर्न अडकते ते बहुतेक वेळा समोरच्या सर्व्हरवर गर्दी असल्यामुळे, आणि तिथे आपली लाइन कितीही रुंद असली तरी उपयोग नाही.

लाइन बसवणारा आला की मोबाइलवर नव्हे, तार थेट कॉम्प्युटरला जोडून मोजायला सांगा. येण्याचा आकडा, जाण्याचा आकडा, आणि दोन्हीपुढे बिट की बाइट, हे पावतीच्या मागे लिहून घ्या.