पेटंटचा वाद आणि पूर्वज्ञानाची कसोटी

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊसशेती रुजली. समजा, तेथील एखाद्या कारागिराने उसाला भर लावण्याचे सुधारित अवजार दहा वर्षांपूर्वी बनविले आणि अनेक शेतकऱ्यांनी ते उघडपणे वापरले. आज दुसऱ्याच कोणी त्याच अवजाराचे पेटंट, म्हणजेच एकस्व, मागितले तर? ते मंजूर झाल्यास अर्जाच्या दिनांकापासून वीस वर्षांपर्यंत इतरांना ते अवजार परवानगीवाचून बनविता वा विकता येणार नाही. म्हणूनच जुने अवजार पुरावा ठरते काय, हा प्रश्न महत्त्वाचा होय.

पेटंट अधिनियम, १९७० अन्वये याचा निर्णय तीन कसोट्यांवर होतो. पहिली काळाची: जुने ज्ञान अर्जाच्या अग्रता-दिनांकापूर्वीचे असले पाहिजे. दुसरी प्रकटतेची: भारतातील उघड वापर किंवा जगात कोठेही प्रसिद्ध झालेला मजकूर ग्राह्य धरला जातो, गुप्त वापर नव्हे. स्थानिक समाजातील मौखिक ज्ञानाच्या आधारेही २००२ च्या दुरुस्तीनुसार हरकत घेता येते. तिसरी आशयाची: दावा केलेली सर्व अंगे एकाच जुन्या साधनात आढळली, तर नावीन्य उरत नाही. काही फरक असल्यास, तो त्या धंद्यातील जाणकारास सहज सुचण्याजोगा होता काय, हे पाहिले जाते. भांडी घडविण्याच्या यंत्राबाबतच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच तत्त्व लावून, केवळ कारखान्यातील किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असा निर्णय दिला.

लेखी पुराव्याचे मोल हळदीच्या प्रकरणात दिसून आले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. प्राचीन ग्रंथ व १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवण्यात आला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. घरोघरी ठाऊक असलेली गोष्टही कागदावर सिद्ध करावी लागली.

यातून गावपातळीवर घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. नव्या अवजाराची दिनांकित छायाचित्रे, विक्रीच्या पावत्या, प्रदर्शनातील पत्रके जपून ठेवावीत. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मंजूर होण्यापूर्वी, कोणाही व्यक्तीस लेखी हरकत घेता येते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यानंतर हितसंबंधी व्यक्तीस एक वर्षाची मुदत असते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी कारागिरांना एवढी माहिती वेळीच दिली, तर गावाचे ज्ञान गावाकडेच राहील.