लोडेड फ्राईजचं प्रॅक्टिकल

मराठी विभागाच्या संपादकांचं फर्मान आलं : "तिकडे काय खातोस ते लिही." खरं सांगायचं तर वरण-भात आणि अंडी. कुकर अमेरिकेतही तशीच शिट्टी देतो. पण सॅन दिएगोत राहून ज्या एका पदार्थाचा मी सबमिशनपेक्षा जास्त मन लावून अभ्यास केला तो म्हणजे कार्ने असादा फ्राईज. कार्ने असादा म्हणजे स्पॅनिशमध्ये भाजलेलं मांस. हे शहर मेक्सिकोच्या सीमेला चिकटून आहे, त्यामुळे इथल्या टाको-दुकानांत कुणीतरी फ्रेंच फ्राईजवर स्टेक आणि चीज ओतलं यात नवल नाही. लोलिताज नावाच्या इथल्या दुकानाचा दावा आहे की १९९० च्या दशकाच्या शेवटी हे आम्हीच पहिल्यांदा केलं.

चौघांना दुकानात नेणं खिशाला परवडत नाही, म्हणून घरी करतो. आणि घरी करताना एकच शत्रू असतो : पाणी. बटाट्यात पाणी, मांसात पाणी, सॉसमध्ये पाणी. हे सगळं एका ताटात एकावर एक रचायचं आणि तरी खालचा फ्राय कुरकुरीत ठेवायचा, हा सगळा प्रॉब्लेम. बाकी फक्त चव.

सुरुवात बटाट्यापासून. बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं, पण सगळे बटाटे सारखे नसतात. एक सोपी टेस्ट सांगतो, फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांना आवडेल. एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ विरघळवा. या पाण्याची घनता साधारण १.०८ होते. बटाटा सोडा. बुडला तर त्यात स्टार्च भरपूर, फ्राईजला घ्या. तरंगला तर रस्सा करा. इथे मी रसेट बटाटा वापरतो, तो गुमान बुडतो. आपल्याकडे सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने खास फ्राईजसाठी कुफ्री फ्रायसोना ही जात काढली आहे. मंडईत ती नावाने मिळेलच असं नाही, म्हणून मिठाचं पाणी बरं. बटाटे फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीत स्टार्चची साखर होते आणि फ्राय आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळा पडतो. अशा बटाट्यांत तळताना अ‍ॅक्रिलामाइडही जास्त तयार होतं. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत ते सापडतं हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं.

करंगळीएवढ्या जाड फोडी करा, अर्धा तास गार पाण्यात ठेवा, मग लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा. व्हिनेगर चवीसाठी नाही. आम्लात बटाट्यातलं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून फोडी शिजतात पण फुटत नाहीत. उपसून फडक्यावर पूर्ण कोरड्या करा.

आता तळण, आणि ते दोनदा. आधी १६० अंशांवर चार-पाच मिनिटं, रंग न येऊ देता. मग अर्धा तास गार. मग १९० वर तीन मिनिटं, सोनेरी होईपर्यंत. पहिल्या वेळी आतलं शिजतं आणि वरचा स्टार्च फुगून चिकट थर धरतो, दुसऱ्या वेळी त्या थरातलं पाणी उडून कवच बनतं. कढई भरून टाकायचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून एक गणित. एका घाण्यातून १५० ग्रॅम पाणी उडवायचं समजा. बाष्पीभवनाची उष्णता किलोला २२६० किलोज्यूल, म्हणजे झाले सुमारे ३४० किलोज्यूल. शेगडी तेलाला दीड किलोवॅट देत असेल तर नुसतं पाणी उडवायलाच पावणेचार मिनिटं. घाणा दुप्पट केला की वेळही दुप्पट, तोवर तेल गार पडतं आणि फोडी तेल पितात. छोटे घाणे काढा. ज्यांना हा उपद्व्याप नको त्यांनी फ्रोझन पाकीट आणावं. त्यातले फ्राईज कारखान्यात एकदा तळूनच येतात.

चीजचा फंडा सगळ्यात सुंदर आहे. चीज म्हणजे केसीन प्रथिनांचं जाळं, कॅल्शियमने बांधलेलं, आत चरबीचे थेंब. जास्त तापवलं की जाळं आवळतं, तूप बाहेर येतं आणि खाली रबर उरतं. यावर १९११ मध्ये दोन स्विस माणसांनी, गेर्बर आणि श्टेटलर यांनी, उपाय काढला : सोडियम सायट्रेट. ते कॅल्शियम काढून घेतं, मोकळं झालेलं केसीन चरबीला धरून ठेवतं आणि सॉस गुळगुळीत होतो. त्याच्या सूत्रातली अक्षरं ओळीने वाचा : एन-ए, सी, एच, ओ. नाचो! (व्हायवाला एवढं एक लक्षात राहिलं असतं तरी खूप.) पावडर आणायची गरज नाही. प्रोसेस्ड चीजमध्ये असे क्षार असतातच. पाव कप दूध मंद आचेवर कोमट करा, दोन प्रोसेस्ड स्लाइस विरघळवा, मग शंभर ग्रॅम किसलेलं चेडर थोडं थोडं घाला. उकळू देऊ नका.

स्टेकसाठी स्कर्ट हा पातळ, लांब धाग्यांचा तुकडा घेतो. लिंबू, लसूण, जिरं, मिरची चोळून तासभर ठेवायचा आणि तव्यावर टाकण्याआधी कागदाने खडखडीत पुसायचा. ओल असेल तर तवा पाणी उडवण्यातच दमतो, मांस उकडतं आणि तो खमंग तपकिरी थर येतच नाही. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. इथल्या सरकारी सूचनेप्रमाणे आत ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती. मग धाग्यांना आडवं, पातळ कापायचं. धाग्यांच्या दिशेने कापलं तर जबडा दुखेल.

आमच्या चौघांत एक शाकाहारी आहे आणि एक बीफ खात नाही. मी खातो, आणि हे घरी माहीत आहे. आईचं म्हणणं एवढंच की दुसऱ्याच्या ताटाशी खेळू नकोस. म्हणून तवा वेगळा, सुरी वेगळी, सॉस आधीच वाटून घेतलेला, आणि तीन निरनिराळे ट्रे : स्टेकचा, चिकनचा, मशरूमचा. एकाच ट्रेचे भाग पाडायचे नाहीत. रस सीमारेषा पाळत नाही. चेडर घेतानाही पाकिटावर रेनेट प्राण्याचं की सूक्ष्मजीवांपासूनचं ते वाचतो. या कटकटीमुळेच शनिवारी चौघं एकत्र जेवतो. महाराष्ट्रात गाय, आणि २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे तुम्ही सरळ बोनलेस चिकन थाय घ्या आणि पूर्ण शिजवा.

रचना करताना ढीग नको, पसरट ट्रे घ्या. फ्राईजवर आधी थोडं कोरडं किसलेलं चीज टाकून दोन मिनिटं गरम ओव्हनमध्ये ठेवा. वितळलेल्या चरबीचा तो थर वॉटरप्रूफिंगचं काम करतो. त्यावर मांस (ताटलीत सुटलेला रस न ओतता), मग सॉसच्या धारा, कांदा, कोथिंबीर. टोमॅटोची चटणी बाजूला वाटीत.

रेक्टर सर हेही वाचतील म्हणून लिहितो : हे रूममधल्या हॉट प्लेटवर करू नका. १९० अंशांच्या तेलात थोडं पाणी पडलं तरी त्याची क्षणात सुमारे सतराशेपट वाफ होते. तेलाने पेट घेतलाच तर पाणी नाही, झाकण, आणि गॅस बंद. फीस्टच्या दिवशी मेसच्या काकांना विचारून त्यांच्या कढईत करा. काकांचा तळणाचा हात आपल्यापेक्षा चांगला असतो.

आणि मंडळींना ताटावर आधी बसवा, सॉस नंतर ओता. इतकं करूनही सात-आठ मिनिटंच मिळतात. उरलेच तर मायक्रोवेव्ह नको, कोरड्या तव्यावर मंद आचेवर परता.