पहिल्या पानाच्या शेजारीं आठवें पान

पुस्तक हातीं घेतलें कीं तुम्ही पहिल्या पानानंतर दुसरें वाचतां, दुसऱ्यानंतर तिसरें. आणि तीं पानें ह्याच क्रमानें छापलीं गेलीं असतील असें सहज समजतां. वस्तुतः तसें नसतें. छापखान्यांतील मोठ्या कागदावर पहिल्या पानाच्या शेजारीं दुसरें पान कधींच नसतें. तें त्याच्या पाठीवर असतें. शेजारीं असतें तें भलतेंच पान! घडी घातल्यावर सर्व पानें क्रमानें यावीं ह्यासाठीं कोणतें पान कागदावर कोठें बसवावें, हें ठरविण्यास आम्ही येथें पृष्ठयोजना म्हणूं.

ही योजना हातानें करून पाहिली म्हणजे चटकन् समजते. एक कोरा कागद उभा धरून वरची कड खालच्या कडेस मिळेल असा दुमडा. मग पहिल्या घडीशीं काटकोन करणारी दुसरी घडी घाला. पहिली घडी वर व दुसरी डावीकडे येईल असें धरलें म्हणजे आठ पानांची चिमुकली वही तयार होते. कोठेंही न कापतां, कागद किंचित् उघडून, पानांवर १ पासून ८ पर्यंत अंक घाला आणि मग तो पूर्ण उलगडा. एका बाजूस १ च्या शेजारीं ८ दिसेल, आणि त्यांच्या डोक्याशीं डोकें लावून ४ व ५ उलटे उभे असतील. दुसऱ्या बाजूस २ च्या शेजारीं ७, व त्यांच्या वर ३ आणि ६ उलटे.

आतां ह्या शेजाऱ्यांची बेरीज करा. १ व ८, २ व ७, ३ व ६, ४ व ५. चारही ठिकाणीं ९ च येते. हाच पृष्ठयोजनेचा मुख्य नियम होय : घडीच्या दोन्ही अंगांस असलेल्या पानांची बेरीज पहिल्या व शेवटल्या पानांच्या बेरजेइतकी असते. सोळा पानांच्या गठ्ठ्यास आपल्याकडे फर्मा म्हणतात. पहिल्या फर्म्यांत ही बेरीज १७ येते. १७ पासून ३२ पर्यंतच्या दुसऱ्या फर्म्यांत ४९. कोठें निराळी आली, तर पान चुकीच्या जागीं बसलें हें नक्की समजावें. छापून झाल्यावर ही चूक खोडरबरानें पुसतां येत नाहीं. सारा फर्मा पुन्हा छापावा लागतो.

ह्या योजनेचा परिणाम थोर लेखकांच्या ओळींवरही झालेला आहे. शेक्सपिअरचीं छत्तीस नाटकें एकत्र करून १६२३ सालीं लंडन येथें जॅगर्ड यांच्या छापखान्यांत जो ग्रंथ छापला गेला, तो बहुतांशीं तीन कागद एकांत एक घालून केलेल्या बारा बारा पानांच्या गठ्ठ्यांचा आहे. सर्वांत आंतील कागदाच्या एका बाजूवर ६ व ७ हीं पानें येतात. पानें वाचनक्रमानें जुळवावयाचीं, तर सातवें पान पुरें होईपर्यंत आधींच्या पानांत सारे खिळे अडकून राहणार. आणि खिळे तर मोजके. म्हणून हस्तलिखितांतील मजकुराचा आधींच अंदाज बांधून जुळारी बहुधा मधल्या पानांपासूनच जुळणीस आरंभ करीत. अंदाज चुकला कीं ओढाताण होई. जागा कमी पडली तर पद्य गद्यासारखें सलग जुळवावयाचें; जागा उरली तर गद्याच्या ओळी तोडून पद्यासारख्या मांडावयाच्या! चार्ल्टन हिनमन यांनीं मोडक्या खिळ्यांच्या ठशांचा माग काढून जुळणीचा हा क्रम १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत सिद्ध केला.

आतां खिळ्यांच्या जागीं संगणक आला आहे. इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्यें पानें वाचनक्रमानेंच रचावयाचीं. पुस्तिका छापण्याची आज्ञा दिली कीं तें जोड्या स्वतः लावतें. तथापि तीन गोष्टींकडे माणसानेंच लक्ष दिलें पाहिजे.

पहिली पृष्ठसंख्या. मधोमध दुमडलेल्या प्रत्येक कागदाचीं चार पानें होतात. म्हणून मध्यें टाचलेल्या अंकाचीं पानें चारच्या पटींतच असतात. मजकूर ४५ पानांचा झाला, तर एक पान गाळावें लागतें किंवा आणखी तीन भरावीं लागतात. तें गाळलेलें पान म्हणजे एखाद्या मुलाचा पहिलाच लेख असूं शकतो!

दुसरी कागदाची उलटापालट. आडव्या कागदावर शेजारीं शेजारीं दोन पानें छापतांना तो आखूड कडेवर उलटला पाहिजे. लांब कडेवर उलटल्यास पाठचीं पानें उफराटीं येतात.

तिसरी समासाची. पुष्कळ कागद एकांत एक घातले म्हणजे आंतील कागद बाहेर डोकावतात. कडा कापून सारख्या केल्या कीं मधल्या पानांचा बाहेरील समास अरुंद होतो, आणि क्वचित् ओळींचीं टोकें सुरीखालीं जातात. ह्यास्तव आंतील पानांवरचा मजकूर किंचित् घडीकडे सरकवावा लागतो.

म्हणून शाळेचा अंक तयार करणाऱ्या मुलांस आमची सूचना अशी कीं, संगणकापुढें बसण्यापूर्वीं कोऱ्या कागदांची एक नमुनावही करावी. तिच्या पानांवर अंक व लेखांचीं नांवें लिहून पृष्ठसंख्या चारच्या पटींत येते कीं नाहीं तें पाहावें, आणि मग कागद सुटे करून बेरजा ताडाव्या. पानें कमी-अधिक होत असल्यास तें त्याच दिवशीं कळेल. आणि कोणाचा लेख लहान करावा हें त्या लेखकाशीं बोलून ठरविण्यास वेळही मिळेल.