नाशिकच्या उजेडातून तेजोमेघाचे छायाचित्र

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेआठच्या सुमारास नाशिकला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. वर मृग नक्षत्र दिसेल. मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ठळक ताऱ्यांखाली तीन मंद तारका ओळीने आहेत. त्यांतील मधली पुसट दिसते. तेथे सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर असलेला एक तेजोमेघ आहे. त्यातील वायू व धूळ यांपासून आजही नवे तारे जन्मत आहेत.

शहरातून त्याचे छायाचित्र घेताना अडचण येते. कॅमेऱ्याची झडप पाच मिनिटे उघडी ठेवली, तर दिव्यांच्या उजेडाने आकाशच उजळून निघते आणि मेघाच्या अंधुक कडा त्यात बुडतात. यावर उपाय काय?

मेघ कसा प्रकाशतो ते पाहू. त्यातील तरुण, तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. ते पुन्हा अणुकेंद्राभोवती येताना पायरीपायरीने खाली उतरतात. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश ५००.७ वर, तर गंधकाचा तांबडा ६७२ च्या आसपास असतो. शहरातील पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश मात्र पुष्कळ तरंगलांबींवर पसरलेला असतो.

आता हिशेब करू. दृश्य प्रकाशाचा पट्टा ४०० ते ७०० म्हणजे ३०० नॅनोमीटर रुंद धरू. कॅमेऱ्यापुढे ६५६.३ भोवतीचा फक्त ६ नॅनोमीटरचा पट्टा सोडणारी गाळणी, म्हणजे फिल्टर, बसवला. शहराचा उजेड सर्वत्र सारखा पसरला आहे असे मानले, तर त्याचा ३०० भागिले ६, म्हणजे पन्नासावा हिस्साच आत येईल. हायड्रोजनचा तांबडा प्रकाश मात्र बहुतेक सगळा येईल. गाळणी प्रकाश वाढवीत नाही. नको तो अडविते.

तरीही येणारा प्रकाश थोडाच. म्हणून अनेक छायाचित्रे घेऊन त्यांची सरासरी काढतात. १६ चित्रांच्या सरासरीने चित्रातील दाणेदारपणा चौथ्या हिश्शावर येतो. पुढे तिन्ही गाळण्यांची चित्रे एकत्र करताना पुष्कळदा गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग देतात. असे रंग डोळ्यांना दिसणारे नव्हेत; कोणता वायू कोठे आहे याचा तो नकाशा असतो.

मात्र ही युक्ती सगळीकडे चालत नाही. दीर्घिकांचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणून तोही सर्व रंगांत पसरलेला. गाळणी दिव्यांबरोबर त्यालाही अडविते. अंधाऱ्या आकाशाला खरा पर्याय नाही. आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली पुण्यात न उभारता जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर उभारली गेली, ती याचसाठी.

करून पाहा : जुन्या सीडीवर एलईडी दिव्याचे प्रतिबिंब तिरपे पाहा, रंगांचा सलग पट्टा दिसेल. मग जुन्या सीएफएल दिव्याचे पाहा. तेथे रंग सुटे सुटे दिसतील. सूर्याचे प्रतिबिंब मात्र कधीही पाहू नका. आता सांगा, या दोहोंपैकी कोणत्या दिव्याचा उजेड गाळणीने अडविणे सोपे?