आकाराने लहान, स्वभावाने मेंढपाळ

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला सहा महिन्यांसाठी निघालेले आई-वडील हल्ली माझ्याकडे एक प्रश्न घेऊन येतात. "डॉक्टर, त्यांच्या घरी कुत्रा आहे. जात लहानच आहे म्हणतात. पण नातू दीड वर्षाचा. काही भीती नाही ना?" फोटो पाहिला की बरेचदा तो कुत्रा ऑस्ट्रेलियन शेफर्डच्या छोट्या जातीचा निघतो. पशुवैद्यक या नात्याने मी त्यांना जे सांगतो, तेच आज या सदरात सांगत आहे.

जात कशी घडली?

नावात ऑस्ट्रेलिया असले तरी ही जात घडली अमेरिकेच्या पश्चिम भागात, मेंढ्या आणि गुरे हाकण्यासाठी. तिथल्या कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही जणांनी त्यातली चणीने लहान कुत्री निवडून त्यांची पैदास सुरू केली. अमेरिकन केनेल क्लबने २०१५ मध्ये या छोट्या कुत्र्यांना 'मिनिएचर अमेरिकन शेफर्ड' या नावाने पूर्ण मान्यता दिली. मोठ्या जातीची उंची खांद्यापाशी १८ ते २३ इंच असते, छोट्या जातीची १३ ते १८ इंच. वजन साधारण ९ ते १८ किलो भरते. याहून लहान 'टॉय' म्हणून विकली जाणारी पिले असतात, पण त्यांना क्लबची मान्यता नाही. केवळ आकार कमी करण्याच्या हव्यासापोटी केलेल्या पैदाशीत गुडघ्याची वाटी सरकण्यासारखे दोष वाढण्याचा धोका असतो.

वाचकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपल्याकडील धनगरांची कुत्री मुख्यतः लांडग्यापासून कळपाची राखण करतात. ही अमेरिकन कुत्री कळप हाकतात. धावणाऱ्याला वळसा घालणे, अडवणे आणि न ऐकल्यास टाचेला दात लावणे हे त्यांच्या रक्तात आहे. निवड करताना माणसाने उंची कमी केली. हा स्वभाव मात्र तसाच राहिला.

घरात लहान मूल असेल तर

घरात मेंढ्या नसतात, पण दुडुदुडु पळणारे मूल असते. मूल पळाले, किंचाळले की कुत्रा त्याच्याभोवती घिरट्या घालतो आणि पोटरीला किंवा टाचेला दात लावतो. यात राग नसतो, पण मुलाची त्वचा नाजूक असते आणि धक्का लागून ते पडूही शकते. म्हणून लहान मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडू नये, पाच मिनिटेसुद्धा नाही. कुत्र्याने पाठलाग सुरू केला तर मुलाला जागीच थांबवावे, कारण हालचाल थांबली की हाकण्यासारखे काही उरत नाही. मग कुत्र्याला बोलावून चेंडू द्यावा. मारू नये, माराने कुत्रा भित्रा होतो आणि भित्रा कुत्रा खरा चावतो.

दात लागून कातडी फाटली, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. कुत्र्यांकडून कुत्र्यांत पसरणारा रेबीज अमेरिकेतून गेल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले, परंतु तिथल्या वटवाघळांत, रॅकून व स्कंक या प्राण्यांत रेबीज आहेच. कुत्र्याचे लसीकरण वेळेवर झाले आहे ना, हे मुलाला आधीच विचारून घ्यावे.

ज्येष्ठांनी काय पाहावे?

हा कुत्रा सतत पायांत असतो. रात्री बाथरूमला जाताना दिवा लावल्याशिवाय उठू नये. फिरायला नेताना पट्टा मनगटाला गुंडाळू नये. खार दिसताच तो झेपावला तर माणूस तोंडघशी पडतो. साठीनंतर मोडलेले खुब्याचे हाड किती महाग पडते, हे सांगायला नको.

त्याला रोज तासभर तरी चांगला व्यायाम आणि डोक्याला काम लागते. वस्तू शोधून आणणे, साध्या आज्ञा पाळणे हे आजी-आजोबाही शिकवू शकतात. काम न मिळालेला कुत्रा भुंकतो, सामान कुरतडतो आणि माणसांनाच हाकू लागतो.

लाडाने घास भरवण्याची आपली सवय इथे घातक ठरते. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षे, कांदा, लसूण, चॉकलेट ही कुत्र्याला विषारी आहेत. बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

औषधांबाबत सर्वांत महत्त्वाचे

मेंदूत नको ती औषधे शिरू नयेत म्हणून शरीरात एक प्रथिन द्वारपालासारखे काम करते. ऑस्ट्रेलियन शेफर्डच्या मोठ्या-छोट्या दोन्ही जातींत सुमारे निम्म्या कुत्र्यांत ते तयार करणाऱ्या 'एमडीआर-१' जनुकात दोष आढळतो. हा दोष २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शोधला गेला. कोली आणि शेल्टी जातींतही तो असतो. अशा कुत्र्याला खरजेसाठी देतात त्या मात्रेत आयव्हरमेक्टिन दिले तर तो झोकांड्या खातो, लाळ गाळतो, थरथरतो, बेशुद्ध होतो आणि दगावूही शकतो. यावर खात्रीचा उतारा नाही. नुकतेच हे औषध दिलेल्या घोड्याची किंवा मेंढीची विष्ठा खाऊनही कुत्र्यांना विषबाधा झालेली आहे. आपण जुलाबावर घेतो ती लोपेरामाइडची गोळीही अशा कुत्र्याला धोक्याची आहे.

हृदयातील जंतांसाठी दरमहा दिली जाणारी मात्रा अगदी अल्प असल्याने ती सुरक्षित मानली जाते. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून या दोषाची तपासणी होते. ती आयुष्यात एकदाच करावी लागते.

हे केवळ अमेरिकेपुरते नाही. आपल्याकडे गुरांसाठी आणलेल्या आयव्हरमेक्टिनच्या बाटलीतून गोचिडीवर उपाय म्हणून कुत्र्यालाही अंदाजाने टोचले जाते. कुत्र्यात कोलीचे रक्त असेल तर हा अंदाज जिवावर बेततो.

पिलू घेणार असाल तर

निळसर-करड्या ठिपक्यांचा 'मर्ल' रंग लोकांना फार आवडतो. परंतु आई-बाप दोघेही मर्ल असतील, तर प्रत्येक पिलाला दोन्हीकडून मर्ल जनुक मिळण्याची शक्यता चारात एक असते. अशी पिले बरेचदा पांढरी, बहिरी किंवा अंध निघतात. पिलाच्या आई-वडिलांचे डोळे, खुब्याचे सांधे आणि एमडीआर-१ यांचे तपासणी अहवाल मागावेत. देणारा टाळाटाळ करू लागला, तर रंगाला भुलू नये.

हा कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो. जातीचा स्वभाव ओळखून वागले, तर तो नातवंडांचा उत्तम सोबती होतो. तेव्हा निघण्यापूर्वी मुलाला फोन करून दोनच गोष्टी विचारा : रेबीजची लस कधी दिली, आणि एमडीआर-१ तपासणी झाली आहे का?